खजुराच्या डब्यातला कॉम्प्युटर

आधीच सांगते, मी तोंडाची फटकळ आहे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी झाली. ट्रंक कॉल जोडता जोडता लोकांचं इतकं बोलणं कानावर पडलं की कोण खरं बोलतंय नि कोण खोटं, ते पहिल्या वाक्याला कळायचं. 'इकडे सगळं बरं आहे, काळजी करू नको' हे तर रोजचंच. त्यातलं निम्मं खोटं असायचं. पण ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मूग गिळून बसायचे. घरी येऊन मग सगळा राग आमच्या ह्यांच्यावर निघायचा. आमचे हे, म्हणजे लवू, तीनचाकी टेम्पो चालवून कानाने अर्धे झालेले, त्यामुळे आमचा संसार टिकला.

आमच्या भिंतीला भिंत लागून अयूबभाई होडेकरांचं घर, खाडीकाठच्या राजिवडा मोहल्ल्याच्या वरच्या अंगाला. अयूबभाई जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. कट्ट-कडकट्ट वाजणारे मोर्सचे संदेश कानात घ्यायचे आणि कागदावर उतरवायचे, हे काम. नव्व्याण्णव साली जहाजांवरची ती जागाच गेली. पेटी घेऊन घरी आले नि म्हणाले, "आता उपग्रह बोलतो वहिनी. आमचं काम संपलं." बस्स, एवढंच. त्यावर ना रडगाणं, ना चिडचिड.

त्यांची बायको सईदा मात्र खूश होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवरा सलग घरात. वर्षभराने मला म्हणते, "हा माणूस घरात असला काय, नसला काय, सारखंच गो. बोलेल तर शपथ." खरंच होतं. अयूबभाईंना आवाजाचाच तिटकारा. मिक्सर लागला की अंगणात जाऊन उभे राहायचे. लोक म्हणायचे, माणूस शिष्ट आहे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "इंजिनाच्या धडधडीतून बारीक आवाज वेचायचा म्हणजे काय, ते तुम्हाला तरी कळायला पाहिजे वहिनी. कान विटलेत." 

घरी बसून ते रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायला लागले, पुढे कॉम्प्युटरही. त्यांचा एकुलता एक मुलगा अरीब कुवेतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत लागला. जाताना घरात एक उभा कॉम्प्युटर ठेवून गेला, अम्मीशी बोलायला. फोन महाग, तिकडून कार्ड घालून केला तरी दोन मिनिटांत संपायचा. इंटरनेटवर तासभर बोलता यायचं. शुक्रवारी त्याला सुट्टी. जुम्म्याची नमाज झाली की तो तिकडे सायबर कॅफेत बसायचा आणि इकडे सईदा माईकसमोर. चित्रबित्र काही दिसायचं नाही, आमच्या लाइनीला तेवढा दम नव्हता. नुसता आवाज, तोही तुटत तुटत.

दोन हजार पाचच्या पावसात सईदाला खोकला धरला. आधी काढे झाले, मग इंजेक्शनं झाली, शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं की फुप्फुसं आतून सुकत चाललीत, ह्याला औषध नाही. दिवाळीच्या सुमाराला घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आला, नाकात नळी आली. सिलिंडरला एक पाण्याची बाटली असते, तिच्यातून हवा बुडबुड करत जाते. दिवसभर ती बुडबुड. सईदा दोन शब्द बोलायची, मग श्वास घ्यायची, मग दोन शब्द. श्वास आत जाताना चिरकायचा, कोरड्या रहाटासारखा. मला ते ऐकवायचं नाही. चांगली खणखणीत बोलणारी बाई, मासेवाल्या बायका तिच्याशी भाव करायला घाबरायच्या, तिचं असं व्हावं ह्याचा मला फार राग यायचा. कुणावर, ते विचारू नका.

नळी लागली त्याच दिवशी सईदाने नवऱ्याकडून वचन घेतलं. अरीबला कळता नये. मी तिथेच होते, मलाही त्यात गोवलं.

आमच्याकडची ही रीतच आहे. जहाजावर गेलेल्याला, आखातात असलेल्याला घरचं दुखणं कळवायचं नाही. तो तिथून येणार तर नाही, नुसता जिवाला घोर. आणि आला तर नोकरीवर पाणी. अरीबचा करार रमझान ईदेला संपणार होता. मधेच सोडून आला असता तर परत तिकडे पाऊल ठेवायची सोय नव्हती. सईदा म्हणायची, "मी जाणारच आहे. त्याची रोजी कशाला घेऊन जाऊ?"

अयूबभाई तेव्हा जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, "मला नव्हतं कळवलं. काय झालं, आठवतं ना?"

ती गोष्ट साऱ्या राजिवड्याला ठाऊक. अयूबभाई तरुण असताना जहाजावर होते आणि इकडे त्यांची आई गेली. साऱ्या जहाजाच्या बातम्या ज्याच्या कानातून जायच्या त्याला ही एक बातमी कुणी धाडली नाही. सफर संपवून ते जपानहून आईसाठी लोकरीची शाल घेऊन आले. दारात उभं राहून हाक मारली, "आई, बघ काय आणलंय." आतून कुणी ओ दिली नाही. ती शाल अजून त्यांच्या कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

सईदा म्हणाली, "आठवतं. पण तुम्ही सफर पुरी केलीत ना?"

अयूबभाईंनी खाली मान घालून शब्द दिला, "माझ्या तोंडून जाणार नाही."

तर त्या उभ्या कॉम्प्युटरचा आवाज म्हणजे पिठाची गिरण. आत पंखे, तेही खाऱ्या हवेने गंजलेले. माईक समोरच, त्यामुळे सईदाचा क्षीण आवाज त्यात बुडून जायचा. अरीब तिकडून वैतागायचा. "अम्मी, नुसती घरघर ऐकू येते. काय म्हणालीस?" ती म्हणायची, "लाइन खराब रे. जेवलास का?" दर शुक्रवारी हेच. अयूबभाई दाराला टेकून ऐकत राहायचे. एके दिवशी उठले, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तो कॉम्प्युटर उघडून बसले.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण भिंतीला भिंत, त्यामुळे सगळं बघितलं. आधी त्यांनी पंख्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. घरघर कमी झाली, गेली नाही. मग पंखा हळू फिरवला. मग एक काढूनच टाकला, तर कॉम्प्युटर तापून पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद. वर लाइट जाण्याची वेगळी डोकेदुखी. त्या साली भारनियमनाने नाकी नऊ आणले होते. इन्व्हर्टर लावून बघितला तर तो स्वतःच भुंग्यासारखा गुणगुणतो. अयूबभाईंनी जुन्या यंत्रापुढे हात टेकले आणि मुंबईला गेले.

येताना रुमालात गुंडाळून एक बोर्ड आणला. जेमतेम वीतभर. त्याच्या चिपवर पंखाच नव्हता, नुसता पत्र्याच्या पात्यांचा गठ्ठा होता. आत फिरणारी डिस्क नको म्हणून कॅमेऱ्यात घालतात तसलं कार्ड बसवलं. अरीबने कुवेतहून धाडलेला खजुराचा चपटा पत्र्याचा डबा होता, त्याला खाली-वर भोकं पाडली, म्हणजे गरम हवा आपसूक वर निघून जाईल. खालच्या भोकांना मलमल लावली, वरून खारी हवा बसू नये म्हणून बोर्डाच्या कडांना वॉर्निश. जहाजावर तसं करायचे म्हणे. आणि हे सगळं चालणार बॅटरीवर. बॅटरी कुठली, तर आमच्या टेम्पोची. आमच्या ह्यांनी मला न विचारता देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो ढकलायला मलाच बोलावलं. फोनच्या लाइनीला लागणारा मोडेमसुद्धा त्यांनी त्याच बॅटरीला जोडला आणि त्याचं किंचाळणं बंद करून टाकलं.

"पिवळ्या बल्बापेक्षा कमी खातो," मला म्हणाले. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा आनंद बघितला.

"चालू तरी करा," मी म्हटलं.

"चालूच आहे."

मी डब्याला कान लावला. काही नाही. मी ऑपरेटर, पण मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"मग कळायचं कसं, चालू की बंद?"

"हात लावा," ते म्हणाले. लावला. डबा कोमट होता, भात निवत ठेवलेल्या टोपासारखा.

पुढच्या शुक्रवारी सईदाच्या पलंगाशी स्टुलावर डबा ठेवला, माईक तिच्या हातात दिला. खोलीत सिलिंडरची बुडबुड तेवढी. अरीब लाइनीवर आला. त्याने 'अस्सलामु अलैकुम' म्हटलं मात्र, सईदाने डोळे मोठे केले. त्याचा आवाज इतका स्वच्छ, की शेजारच्या माणसाचं खाकरणंही ऐकू येत होतं. तिला क्षणात कळलं, की इकडचंही तिकडे तसंच जाणार. तिने नाकातली नळी ओढून काढली आणि मला खूण केली, सिलिंडर बंद कर.

मी मान हलवली, नाही करणार म्हणून. तिने अशा नजरेने बघितलं की मी चावी फिरवली. 

"अम्मी, आज किती छान येतंय. शेजारी बसल्यासारखं."

"हो," ती म्हणाली. तोंड मिटून, श्वास दाबून.

"दमलीयस का?"

"पायऱ्या चढले. आत्ता."

दिवाळीनंतर ती एक पायरी चढली नव्हती. ओठ निळे पडत चालले होते. अरीब उत्साहात बोलत होता, खोलीतल्या नव्या मुलाबद्दल, उन्हाबद्दल, आणि ही प्रत्येक वेळी 'हं' एवढंच. शेवटी म्हणाली, "लाइट जाईल. ठेवते." लाइट गेली असती तरी डबा चालला असता, हे त्याला कुठे ठाऊक. मी धावत सिलिंडर उघडला. ती बराच वेळ आडवी पडून होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अयूबभाईंना पडवीत गाठलं. म्हटलं, "खरं सांगा. तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"मी शब्द दिलाय. माझ्या तोंडून एक अक्षर गेलं नाही."

"तुमच्या तोंडून नाही, डब्याच्या तोंडून. त्याने ऐकावं, म्हणूनच ना एवढी खटपट?"

ते खाडीकडे बघत म्हणाले, "मी शाल घेऊन आलो होतो वहिनी. त्याने असंच काहीतरी घेऊन दारात उभं राहावं, हे मला बघवणार नाही."

माझा राग तिथेच विरघळला. पण जे सांगायचं ते सांगितलंच. "ती नळी काढून बसणार. दर शुक्रवारी. तो यायच्या आधी तुम्हीच तिला घालवाल." 

त्या आठवड्यात मी सईदाला समजावून बघितलं. सांगून टाक गो, मोठा झालाय तो. ती म्हणाली, "कळलं तर येईल तो. तसाच आहे." ह्यात अभिमानही होता आणि भीतीही होती. मी नाद सोडला.

पुढच्या शुक्रवारी गेले तर स्टुलावर डब्याच्या बाजूला टेबल फॅन. जुना, जाळी वाकलेला, खडखडणारा. अयूबभाईंनी त्याचं तोंड बरोबर माईकवर धरलं, बटण दाबलं आणि खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसले. महिनोन् महिने एकेक आवाज हुडकून मारला त्या माणसाने आणि शेवटी स्वतःच्या हाताने पंखा लावला. सईदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने नळी नाकात नीट बसवली आणि माईक उचलला.

"अम्मी, परत तीच घरघर," अरीब ओरडला.

"लाइन खराब रे. जेवलास का?"

तासभर बोलली. दोन शब्द, श्वास, दोन शब्द. पंख्यात सगळं झाकलं जात होतं. अयूबभाई कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले. आवाजाचा तिटकारा असलेला हा माणूस उठून अंगणात गेला नाही. मी घरी येऊन पोळ्या करपवल्या.

असे कितीतरी शुक्रवार गेले. ती खंगत चालली, शब्द दोनाचे एक झाले, पण शुक्रवार चुकला नाही. भारनियमनाची वेळ टाळून आम्ही बोलणं ठरवायचो, कारण डबा बॅटरीवर असला तरी पंख्याला लाइट लागायची. मेमध्ये एका शुक्रवारी वीजवाल्यांनी ती वेळ न कळवता बदलली. अरीब बोलत होता, सईदा ऐकत होती आणि पंखा हळू हळू होत थांबला.

जुना कॉम्प्युटर असता तर तोही मेला असता, बोलणं तुटलं असतं आणि निभावलं असतं. पण अयूबभाईंचा डबा चालू होता. मोडेम चालू होता. माईक तिच्या तोंडाशी. खोलीत सिलिंडरची बुडबुड आणि तिचा तो चिरकणारा श्वास, एक, मग दुसरा, स्वच्छ. मी उठले, पण काय करू ते सुचेना. अयूबभाईही उभे राहिले, तसेच राहिले. सईदाने नळीला हात घातला, पण आता ती काढायचीही ताकद बोटांत नव्हती.

तिकडे अरीब बोलायचा थांबला होता. कॅफेतली माणसं बोलत होती, कुणाची तरी खुर्ची सरकली, ते सगळं येत होतं. त्याचा मात्र आवाज नाही.

"अम्मी," शेवटी तो म्हणाला. आणि मी सांगते तुम्हाला, मी आयुष्यभर आवाज ओळखले, तो आवाज रडणाऱ्या माणसाचा होता. "अम्मी, लाइनीची घरघर फार आहे ग. मला काहीच ऐकू येत नाही."

पंखा तर बंद पडलेला होता.

सईदाने हात नळीवरून खाली घेतला. तिला कळलं, मला कळलं, अयूबभाईंना कळलं. ती म्हणाली, "हो रे. फार... आवाज... आहे."

"तू बोल पण. ऐकू आलं नाही तरी बोल."

मग ती बोलली. श्वास लपवला नाही, घाई केली नाही. त्याच्या लहानपणचं, मंडणगडच्या आजोळचं, तो खाडीत पडला होता त्याचं. मधे मधे तो म्हणायचा, "नाही ऐकू येत अम्मी," आणि ती म्हणायची, "असू दे." लाइट आली, पंखा खडखडत सुरू झाला. अयूबभाई पुढे झाले आणि त्यांनी तो बंद केला.

अरीबने दुसऱ्याच दिवशी कंपनीकडे सुट्टी मागितली, हे नंतर कळलं. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात, आज देतो, उद्या देतो चाललं होतं. त्याच्या हातात पासपोर्ट पडायच्या आत सईदा गेली. एका सकाळी, खिडकीकडे तोंड करून, कुणाला हाक न मारता. फोन अयूबभाईंनीच केला. ह्या खेपेला कळवायचं नाही, असं कुणी म्हणालं नाही.

तो आला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. हातात काही आणलं नव्हतं, नुसती खांद्याला पिशवी. अयूबभाई दारात उभे होते, त्यांनी आधी त्याच्या हातांकडे बघितलं. मी पाहिलं ते. दोघं आत गेले. मी चहा ठेवला. तुला सगळं ऐकू आलं होतं ना, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी फटकळ असले तरी तेवढी नाही.

सईदाची खोली तशीच होती. सिलिंडर परत नेला होता, पंखाही माळ्यावर टाकला होता. स्टुलावर खजुराचा डबा. अरीब त्याच्याजवळ बसला, वाकून कान लावला.

"अब्बा, ह्याचा तर काहीच आवाज येत नाही."

"नाही येत."

"बंद आहे?"

"हात लाव," अयूबभाई म्हणाले.

अरीबने डब्यावर हात ठेवला. चहा निवला तरी त्याने हात उचलला नाही, आणि मीही चहा प्या म्हणून कुणाला म्हटलं नाही.